पॅटर्नचे पैसे वेगळे

कंटेंट रायटिंगच्या बाजारात मजकूर शब्दावर विकला जातो. ३० पैसे शब्द, ५० पैसे शब्द, जरा बरं गिऱ्हाईक मिळालं तर रुपया-दीड रुपया. घरी बसून लिहिणाऱ्या माझ्या ओळखीतल्या बहुतेक मुलींनी याच मापानं सुरुवात केली, मीही केली. मोठ्या शहरातल्या एजन्सीकडून शीर्षकांची यादी यायची. केसगळतीवर घरगुती उपाय, पहिलं घर घेताना काय पाहावं, पावसाळ्यात गाडीची काळजी. प्रत्येकी हजार शब्द, संध्याकाळपर्यंत पाठवा. या कामाला मी कमी लेखत नाही. ठरल्या वेळेत, ठरल्या लांबीचं, न रडता लिहून द्यायची सवय तिथंच लागली. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीत बसून स्वतःच्या लिहिण्याचे पैसे खात्यावर आलेले बघणं, ही किती मोठी गोष्ट होती ते आजही आठवतं.

पण त्या मापात एक गोष्ट बसतच नाही. लिहायच्या आधी जे करावं लागतं ते. जाऊन बघणं, चार माणसांना विचारणं, न कळलेलं पुन्हा विचारणं, घरी येऊन वही उघडून बसणं. यातून एकही शब्द लगेच तयार होत नाही, म्हणून त्याचे पैसेही कुणी मोजत नाही. ज्याचे पैसे नाहीत ते काम हळूहळू गळून पडतं. इंटरनेटवरचे चार लेख वाचून पाचवा लिहायचा, एवढंच उरतं. आणि पाचवा लेख कुणीही लिहू शकत असल्यामुळे त्याचा दर वर्षानुवर्षं तिथंच राहतो. फ्रीलान्स लिहिणाऱ्यांच्या गरिबीचं मूळ मला या मोजमापात दिसतं. आपण हळू लिहितो, आपल्याला मार्केटिंग येत नाही, आपलं इंग्रजी कच्चं आहे, ही सगळी कारणं आपण स्वतःला सांगत असतो. त्यातली बरीचशी खरी नसतात.

हे मला शिरोलीच्या एमआयडीसीत उमगलं.

लोखंड ओतून सुटे भाग करणाऱ्या एका फाउंड्रीची इंग्रजी वेबसाइट लिहायचं काम ओळखीतून आलं होतं. मालक मोजकं बोलणारे. "माहिती मेल करा, मी लिहून देते," असं मी फोनवर म्हणाले, तर ते म्हणाले, "मेल काय करायची? या की शॉपवर. बघा, मग लिवा." मग पंचगंगेचा पूल ओलांडून गेले.

शेतीच्या ऑइल इंजिनांपासून वाढत गेलेला कोल्हापूरचा हा उद्योग आज ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग ओततो, हे ऐकून माहीत होतं. उद्यमनगरातून जाता-येता लेथचे आवाजही लहानपणापासून कानावर होते. पण प्रत्यक्ष हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा एक घाणा, निघताना मी कधी उभी नव्हते. बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी घातलेली काळी, ओलसर वाळू, तिच्यात पॅटर्न दाबून उठवलेले साचे आणि इंडक्शन फर्नेसमध्ये १,४०० अंशांच्या घरातलं लोखंड. एसजी आयर्न, म्हणजे चिवट जातीचं लोखंड करायचं होतं. लेडलमध्ये, म्हणजे वितळलेलं लोखंड धरायच्या भांड्यात, मॅग्नेशियमची प्रक्रिया सुरू झाली तसा डोळे दिपवणारा पांढरा उजेड झाला आणि लगेच सगळ्यांची पळापळ. मला वाटलं काही गडबड झाली. शिफ्टच्या सुपरवायझरनी हात धरून बाजूला घेतलं आणि नीट समजावून सांगितलं. साध्या ग्रे आयर्नमध्ये कार्बन पापुद्र्यांसारखा पसरतो, त्या पापुद्र्यांच्या कडेनं तडा धावतो, म्हणून ते ठिसूळ. पण कंपनं मात्र तेच छान पचवतं, म्हणून मशीनचे बेड ग्रे आयर्नचे करतात. मॅग्नेशियम घातलं की कार्बनचे गोळे होतात, गोळ्यापाशी तडा अडतो आणि लोखंडाला चिवटपणा येतो. मात्र मॅग्नेशियमचा असर टिकत नाही, काही मिनिटांत उतरायला लागतो. त्याच्या आत ओतून झालं पाहिजे. पळापळ त्यासाठी होती.

त्या दिवशी संध्याकाळी वेबसाइटचं पहिलं पान जवळजवळ आपोआप लिहून झालं. तोवर मी बघितलेली बहुतेक फाउंड्रींची संकेतस्थळं एकसारखी होती. दर्जा हेच आमचं ध्येय, अत्याधुनिक यंत्रसामग्री, ग्राहकांचं समाधान. जर्मनीत बसलेल्या खरेदी अधिकाऱ्याला यातल्या एकाही वाक्याचा उपयोग नाही. प्रक्रियेनंतर किती मिनिटांत ओतता, ती वेळ कोण टिपून ठेवतं, प्रत्येक हीटचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, बघता का, सूक्ष्मरचना तपासता का, हे त्याला हवं असतं. आणि हे सगळं त्या शॉपवर रोज होत होतं, खडूनं फळ्यावर लिहिलं जात होतं. फक्त बाहेर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

पैशाचं बोलायला बसलो तेव्हा मी शब्दाचा दर सांगितला. चहाचा कप खाली ठेवून मालक म्हणाले, "ताई, एक सांगू का? आमचं कास्टिंग किलोवर जातंय. पण पॅटर्नचे पैसे वेगळे. ते आधी घ्यायचे. त्याच्याशिवाय आम्ही वाळूला हात लावत न्हाई. तुमचं बी तसंच असणार की."

मी किती वेळ गप्प बसले कोण जाणे. ज्यांना लिहिण्याच्या धंद्याचं काहीच माहीत नव्हतं, त्यांनी माझ्या धंद्याचा हिशोब एका वाक्यात मांडून दाखवला होता. फाउंड्रीत पॅटर्न हा मूळ घाट असतो. लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा, हातानं बारकाईनं केलेला. लोखंड थंड होताना आकसतं म्हणून तो हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो, ग्रे आयर्नला साधारण १ टक्का. तो चुकला तर पुढचं प्रत्येक कास्टिंग चुकतं, बरोबर आला तर हजारो निघतात. त्याला कौशल्य लागतं, वेळ लागतो, आणि तो किलोवर विकता येत नाही. माझं जाऊन बघणं आणि समजून घेणं हे नेमकं तसंच आहे. ते एकदा नीट झालं की त्यातून वेबसाइट निघते, कॅटलॉग निघतो, प्रदर्शनातला फलक निघतो, वर्षभराच्या पोस्ट निघतात.

तेव्हापासून माझ्या कोटेशनची पहिली ओळ पाहणी आणि माहिती संकलनाची असते, तिची रक्कम वेगळी आणि आगाऊ. लिखाणाचा दर त्याच्याखाली येतो, तोही शब्दावर न लावता पूर्ण कामावर. पुष्कळ जण ही पहिली ओळ वाचून परत फिरतात. "नुस्तं बघायचे पैसे?" असं सरळ विचारतात. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं. आता मी शांतपणे समजावून सांगते, आणि नाही पटलं तर दुसऱ्या कुणाचं नाव सुचवते. जे थांबतात त्यांच्याशी नातं वर्षानुवर्षं टिकतं, आणि कोल्हापुरासारख्या गावात एका टिकलेल्या गिऱ्हाइकाचं वजन फार असतं. शिरोलीच्या माणसाचे पाहुणे गोकुळ शिरगावला असतात, त्यांच्या मेव्हण्याचं हुपरीत चांदीचं काम असतं, कुणाचे इचलकरंजीत लूम असतात. मला आजवर जाहिरात करावी लागली नाही. लग्नाच्या पंगतीत आणि मिसळीच्या टेबलावर माझं काम मला मिळत गेलं.

पाहणीत मी काय करते, हे नव्यानं लिहिणाऱ्या मुली विचारतात. मालकाला मी फार विचारत नाही. गिऱ्हाईक फोन केल्यावर सगळ्यात आधी काय विचारतं, मागच्या वर्षी माल परत आला असेल तर का आला, आणि कुठल्या कामाला तुम्ही नाही म्हणता, एवढंच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगी असतं, कारण जो धंदा कशाला नाही म्हणायचं हे जाणतो त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. मग मी मालकाची केबिन सोडते आणि हातानं काम करणाऱ्या माणसाशेजारी जाऊन उभी राहते.

पन्हाळ्याकडच्या एका गुऱ्हाळावर तो माणूस गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, होता. काम दिलं होतं गुऱ्हाळ मालकाच्या मुलानं. शिकलेला, रसायन न घालता गूळ करून डब्यात भरून विकायची इच्छा असलेला. त्याची अडचण वेगळीच होती. त्याचा गूळ तपकिरी, आणि बाजाराला पिवळाधमक हवा. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, शाहू मार्केट यार्डातल्या सौद्यातून तो गुजरातेत जातो, नाव मोठं आहे, पण सौद्यात भाव रंगाला मिळतो. रंग उजळावा म्हणून हायड्रॉस हे रसायन घालायची पद्धत त्यातूनच पडली. आता हे गिऱ्हाइकाला कसं सांगायचं? "शंभर टक्के नैसर्गिक" तर हायड्रॉस घालणाराही छापतो.

मी एक अख्खी काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरेपर्यंत चुलवाणापाशी थांबले. गुळव्या मामा सुरुवातीला बोलेनात. पाहुण्या बाईला काय सांगायचं, असा चेहरा. रस तापायला लागला, त्यात रानभेंडीचा चिकट रस पडला आणि मळी वर येऊन फेसासारखी गोळा झाली, तशी त्यांनी ती झाऱ्यानं काढायला सुरुवात केली. मी विचारलं, किती वेळा काढायची? तेव्हा ते खुलले. मळी जेवढी मन लावून काढाल तेवढा गूळ रसायनाशिवाय उजळतो, असं त्यांचं म्हणणं. पण त्याला माणूस लागतो, वेळ लागतो, आणि घाईच्या हंगामात दोन्ही नसतं. शेवटी शेवटी त्यांनी पाक पाण्यात सोडून बोटांनी गोळी करून बघितली. मालकाच्या मुलाकडे थर्मामीटर होता, त्यानं मला हळूच दाखवला, ११८ अंशांच्या आसपास. मामांनी त्याकडे बघितलंही नाही आणि काहील त्याच क्षणी उतरवायला सांगितली.

त्या डब्यावरचा मजकूर छोटासाच आहे. रंग तपकिरी का आहे, मळी कशी काढतात, रानभेंडी कशासाठी, आणि दोन हंगामांतला रंग एकसारखा का नसेल. शेवटचा मुद्दा मुलाला आधी नको होता, तो तक्रारीला आमंत्रण देईल असं त्याला वाटत होतं. मी आग्रह धरला. मजकूर छापल्यावर रंगाबद्दल विचारणारे फोन कमी झाले, असं त्यानं नंतर सांगितलं.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं, आणि त्यानंतरच्या वर्षभरात यादीवरून लिहायचं काम आमच्यापैकी बहुतेकांच्या हातून गेलं. चार लेख वाचून पाचवा लिहायचं काम यंत्र फुकट आणि चुटकीसरशी करतं, त्याच्याशी ३० पैशांत कोण झुंजणार? गंमत म्हणजे २०२२ च्याच डिसेंबरात गूगलनं मजकूर पारखण्याच्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्यक्ष अनुभवाचा निकष वाढवला. लिहिणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः केली, वापरली, बघितली आहे का, हा प्रश्न आता तिथंही विचारला जातो. माझ्या कामाला यामुळे उलट बळ मिळालं, कारण यंत्र गुऱ्हाळावर जात नाही आणि गुळव्या मामांचं म्हणणं कुठल्याही संकेतस्थळावर लिहिलेलं नाही. तरी मला या बदलाचा निखळ आनंद होत नाही. ती खालची पायरी निघून गेली, आणि आमच्यासारख्या, घरात कुणी लेखक नसलेल्या मुली त्याच पायरीवरून वर आल्या होत्या. आज बी. ए. झालेल्या मुलीनं चुकतमाकत लिहायला कुठं शिकायचं? तिला पहिल्या दिवसापासून पाहणी जमणार नाही. हा प्रश्न मला खरोखर छळतो, आणि म्हणून मी आता माझ्या कामात दोघींना सोबत घेते. त्या माझ्याबरोबर शॉपवर येतात, टिपणं काढतात, पहिला खर्डा त्या लिहितात. त्यांना मी खर्ड्याचे पैसे देतेच, पण सोबत आल्याचे वेगळे देते. माझ्या कोटेशनमधली पहिली ओळ त्यांच्यापर्यंतही पोचलीच पाहिजे.

पॅटर्नची आणखी एक गोष्ट मला त्या मालकांकडूनच कळली. गिऱ्हाइकानं पैसे चुकते केले की पॅटर्न त्याचा होतो, मग तो फाउंड्रीच्या माळ्यावर पडून का असेना. लिहिलेल्या मजकुराचंही आपल्याकडे असंच करता येतं, पण फार थोड्यांना ते माहीत असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मजकुराचा पहिला हक्क लेखकाचा. नोकरीत असताना लिहिलं तर तो मालकाचा होतो, पण बाहेरून काम घेणाऱ्या फ्रीलान्सरचा हक्क केवळ बिल फाडलं म्हणून जात नाही, तो लेखी द्यावा लागतो. कलम १९ असंही सांगतं की लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती ५ वर्षं धरायची, आणि प्रदेश घातला नसेल तर फक्त भारत. निर्यात करणाऱ्या कारखान्याला हे ऐकून धक्का बसतो. मी माझ्या कागदावर स्पष्ट लिहिते की शेवटचा हप्ता जमा झाला की सगळे हक्क, सगळ्या देशांसाठी, कायमचे तुमचे. पैसे आले की त्याच दिवशी सही करून देते. यात धाक नाही, उलट गिऱ्हाइकाला आपण काय विकत घेतलं हे नीट कळतं.

आणि पैसे वेळेवर येण्याचं काय? या जिल्ह्यात उसाचं बिल १४ दिवसांत मिळालं पाहिजे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम शाळकरी पोरालाही पाठ आहे. त्यासाठी इथं आंदोलनं झाली, महामार्ग अडले. पण लिहिणाऱ्या, डिझाइन करणाऱ्या, फोटो काढणाऱ्या आमच्या लोकांना आपल्यासाठीही कायदा आहे याचा पत्ता नसतो. उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करता येते, तिला फी नाही. मग २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे माझं बिल कित्येक महिने अडकलं होतं. व्याज मी मागितलं नाही, फक्त बिलावर उद्यम क्रमांक छापून पुन्हा पाठवलं. २०२३ च्या अर्थसंकल्पानं आयकर कायद्यात आणलेल्या तरतुदीमुळे, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. मालकाला माझी कीव आली नसती, पण त्यांच्या सीएंना तो क्रमांक दिसला आणि मार्च संपायच्या आत पैसे आले.

कराचं बाकी फार अवघड नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, गिऱ्हाईक परराज्यातलं असलं तरी. बिलातून १० टक्के टीडीएस कापला गेला तर घाबरायचं नाही, तो आपल्या पॅनवर जमा झालाय का एवढं पोर्टलवर बघायचं आणि रिटर्न भरायचं. चांगला सीए गाठावा, त्याची फी खुशाल द्यावी.

सध्या हातात चप्पल लाइनमधल्या, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या बाजारातल्या, एका दुकानाचं काम आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल मंचावर आणली, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, टीका झाल्यावर उगम मान्य केला. त्यानंतर चप्पल विकणाऱ्या प्रत्येकाला आपली गोष्ट सांगावीशी वाटू लागली आहे, आणि सांगायलाच हवी. पण ती नीट सांगायची तर चपलेचं २०१९ चं भौगोलिक मानांकन एकट्या कोल्हापूरचं नाही हेही लिहावं लागतं. त्यात कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. दुकानदाराला हे वाक्य आवडलं नाही. मी ते काढलं नाही, आणि त्यांनीही शेवटी ते ठेवलं. पाहणीसाठी मी कापशीकडच्या एका घरात जाते. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं घातलेली शिलाई. पुरुष तळ कापतात, बायका चामड्याच्या पट्ट्यांची वेणी घालतात. सगळ्यात वेळखाऊ वेणीच, आणि त्या बायकांचं नाव आजवर कुठल्या डब्यावर आलेलं नाही.

या घराला माझा दर परवडणार नाही, आणि त्यांच्याकडून मी तो घेऊही शकत नाही. फुकट लिहून देणं हाही उपाय नव्हे, एक डबा लिहून होईल, दुसऱ्याच्या वेळी मीच नसेन. म्हणून या वेळच्या कोटेशनमध्ये एक कलम वाढवलं आहे. पाहणीच्या रकमेतला ठरलेला हिस्सा दुकानानं त्या घराला द्यायचा, कारण त्या दिवशी त्यांनी काम थांबवून मला शिकवलं. आणि त्यांची संमती असेल तर डब्यावर चप्पल करणाऱ्याचं आणि वेणी घालणारीचं, दोघांचंही नाव छापायचं. दुकानदार दोन दिवस विचार करतो म्हणालेत. वेणी घालणाऱ्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "नाव घाला, पर माझं माहेरचं बी घाला. वेणी मला माझ्या आईनं शिकवलीया."

कलमात तसा बदल करून मी कागद आज पुन्हा पाठवला आहे.